दशांशचिन्हाच्या उजवीकडे

विजेच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यातल्या घोटीचे नातेवाईक मोठे आहेत. एका अंगाला वैतरणेचं 60 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, दुसऱ्या अंगाला घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, डोंगरापलीकडे भंडारदरा आणि नाशिकच्या बाजूला एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र. शेजारच्या इगतपुरीला तर रेल्वेने कैक वर्षं 1500 व्होल्ट डीसी आणि 25,000 व्होल्ट एसी यांना एकाच स्टेशनात नांदवलं होतं. इतका सधन गोतावळा असूनही आषाढात वारा सुटला की घोटीतला बल्ब आधी पिवळा होतो, मग लाल होतो आणि मग दिसेनासा होतो. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा कुणाच्या ना कुणाच्या स्विचबोर्डात मुरतो. अशा मुलखात मल्टिमीटर बाळगणारी हौशी माणसं निपजली नसती तरच नवल. अशा माणसाचा व्यवसाय काहीही असू शकतो, पण त्याच्या घरात एक खण असतो. त्या खणात मेलेले अडॅप्टर, पोट उघडलेले एलईडी बल्ब, कुठल्या टीव्हीचे होते हे कुणालाच न आठवणारे रिमोट आणि मधोमध मल्टिमीटर. घरातली माणसं त्या खणाला हात लावत नाहीत. आदरापोटी नव्हे, धक्का बसेल म्हणून.

या हौशी मंडळींत एक वाद मिटता मिटत नाही. मीटर काट्याचा घ्यावा की आकड्यांचा? आकडेवाल्यांचं म्हणणं सोपं आहे: काट्याचा मीटर म्हणजे अंदाजपंचे, जमाना डिजिटलचा आहे, विषय संपला. काटेवाल्यांचं म्हणणं लांब असतं आणि त्यात 'पूर्वी' हा शब्द वारंवार येतो. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत करून बसले आहेत, ती म्हणजे वाद अचूकतेचा आहे. माझं म्हणणं असं की हौशी माणसाला अचूकतेशी फारसं कर्तव्य नसतंच. त्याला रोगाचं निदान हवं असतं. निदानासाठी मीटर किती बारीक सांगतो यापेक्षा तो सर्किटकडून काय मागून घेतो, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. या कसोटीवर दोन्ही मीटरांचे स्वभाव अगदी वेगळे निघतात, आणि ज्याला आपण प्रगती म्हणतो ती काही ठिकाणी गमतीशीर उलटी फिरलेली दिसते.

अचूकतेचा मुद्दा आधी संपवू. घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा, आणि नियमानुसार तो सहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे 216 पासून 244 पर्यंत काहीही आलं तरी कायदा समाधानी आहे. आता हौशी माणूस 6000 काउंटचा डिजिटल मीटर सॉकेटात खुपसतो आणि पडद्यावर उमटतं 231.4. तो हे घरात मोठ्याने जाहीर करतो. त्यातल्या '.4' वर त्याचा विशेष जोर असतो. त्याच मीटरच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एसीच्या मोजणीत एक टक्का अधिक शेवटचे तीनेक आकडे एवढी चूक गृहीत धरावी. म्हणजे खरी किंमत 229 असू शकते, 234 असू शकते, '.4' ही मीटरने केलेली सजावट आहे. पण पुस्तिका वाचणं हौशी माणसाच्या शानेला शोभत नाही. बरं, तो ज्या वस्तू मोजतो त्यांची गत काय? सोनेरी पट्टीचा रोधक पाच टक्क्यांनी चुकायला मोकळा, रुपेरी पट्टीचा दहा टक्क्यांनी, आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर छापलेली किंमत वीस टक्के इकडेतिकडे असली तरी कारखान्याला त्यात काही गैर वाटत नाही. घोटी हे भाताच्या बाजारपेठेचं गाव आहे. तिथे कुणी पोतं सोनाराच्या काट्यावर चढवत नाही. मोजमापाचा बारीकपणा मालाच्या बारीकपणाहून फार पुढे गेला की त्यातून ज्ञान वाढत नाही, रुबाब वाढतो.

रुबाबाचा हा इतिहास फार जुना नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मकॅडी यांना अँपिअरसाठी एक, व्होल्टसाठी दुसरं आणि ओहमसाठी तिसरं उपकरण वागवण्याचा कंटाळा आला आणि त्यातून तिन्ही कामं एका पेटीत करणारा 'एव्हो' मीटर 1923 मध्ये बाजारात आला. माणसाच्या कंटाळ्याने लावलेल्या शोधांची यादी कधी झाली तर हा वरच्या फळीत बसेल. आकड्यांचा व्होल्टमीटर अमेरिकेत अँड्र्यू के यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. तो हातात मावेल एवढा व्हायला पुढची पंचवीसेक वर्षं लागली. आपल्याकडे या गोष्टीचा धागा घोटीपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर जातो. गांधी-नेहरूंच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी 'शिकागो रेडिओ' ज्या मोटवाने घराण्याची, त्यांचे मल्टिमीटर नाशिकरोडला बनत आले आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या कित्येकांच्या ओळखीचा पहिला काटा तोच. आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत 1982 पासून 'ऋषभ' ही कंपनी आहे. ती डिजिटल मल्टिमीटर बनवतेच, शिवाय पॅनेलवर बसवायचे काट्याचे मीटरही बनवते आणि परदेशात विकते. तेव्हा काटा मेला असं ज्यांना वाटतं त्यांनी महामार्गावरून नाशिककडे जावं. मेलेल्या वस्तूचे कारखाने सहसा चालू नसतात.

आता मुद्द्याचं. काट्याचा मीटर व्होल्ट मोजतो म्हणजे काय करतो? सर्किटमधून थोडा प्रवाह स्वतःकडे घेतो, तो चुंबकाच्या मधल्या गुंडाळीतून जातो, गुंडाळी वळते, काटा हलतो. म्हणजे तो ज्याचं मोजतो त्याच्याच घरचं खातो. बाजारातल्या बऱ्याच काटेमीटरांवर कोपऱ्यात '20 किलोओहम प्रति व्होल्ट' असं लिहिलेलं असतं. तो त्याच्या भुकेचा जाहीरनामा. 10 व्होल्टच्या पट्टीवर हा मीटर म्हणजे 2 लाख ओहमचा एक रोधक. चांगला डिजिटल मीटर मात्र उपाशी तपस्वी: त्याचा आतला रोध साधारण 1 कोटी ओहम, शिवाय बळ येतं स्वतःच्या बॅटरीतून. आकडेवाल्यांचा हा हुकमाचा एक्का, आणि तो खोटा नाही. 9 व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्यावर 10 लाख ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडा आणि मधल्या बिंदूवर व्होल्ट पाहा. त्रैराशिक सांगतं 4.5. काट्याचा मीटर 10 व्होल्टच्या पट्टीवर लावला की तो स्वतःच इतकं खातो की जेमतेम 1.3 दाखवतो. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा पिवळा डिजिटल मीटर, ज्याचा आतला रोध बहुधा 10 लाख ओहमच असतो, तो 3.00 दाखवतो. महाग डिजिटल मीटर दाखवतो 4.29. निकाल लागला, आकडे जिंकले, असं म्हणून इथे लोक उठायला लागतात. थांबा. बरोबर उत्तर 4.5 होतं. तीनपैकी एकही मीटर बरोबर नाही. फरक इतकाच की काट्याकडे पाहून कुणालाही शंका आली असती, आणि 4.29 मधल्या त्या 9 कडे पाहून कुणालाही येणार नाही. डिजिटल मीटरची चूक काट्याच्या चुकीपेक्षा पुष्कळ लहान असते हे खरं, पण ती इस्त्री करून येते.

आणि खाण्याचा हा जो दुर्गुण आहे, तोच घरातल्या वायरिंगवर सद्गुण ठरतो. जुन्या घरात एकाच पाइपातून पाच-सहा वायरी जातात. त्यातली एक दोन्ही टोकांना सुटलेली, बेवारस. शेजारच्या वायरीत वीज खेळते, आणि मधल्या प्लास्टिकमधून थोडीशी या बेवारस वायरीवर उमटते, कारण दोन समांतर वायरी हा एक लांबलचक कपॅसिटरच असतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती गळतीने या उमटण्यात भर घालते. या वायरीत बळ काहीच नसतं. मुंगीलाही झटका बसणार नाही. पण महाग डिजिटल मीटर तिला लावला की तो कधी 40 दाखवतो, कधी 90. तपस्वीच तो, कुणाकडून काही मागत नाही, म्हणून कुणाचीही पारख करू शकत नाही. वायर म्हणते, माझ्याकडे 90 व्होल्ट आहेत. तो लिहून घेतो. याला विजेच्या धंद्यात भुताटकीचा व्होल्टेज म्हणतात. एव्हो मीटरच्या आठव्या अवताराची भूक एसीच्या मोठ्या पट्ट्यांवर 1000 ओहम प्रति व्होल्ट, म्हणजे 250 च्या पट्टीवर अवघा अडीच लाख ओहमचा रोध. तो त्या बेवारस वायरीला विचारतो, 90 व्होल्ट आहेत म्हणतेस ना, मग जरा दे पाहू. वायर तिथेच बसते. या हिशेबात गंमत अशी की मीटर जितका महाग तितकी भुतं जास्त दिसतात. पैसे देऊन भुतं काढण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. पैसे देऊन भुतं पाहण्याचा हा नवा.

गावातला वायरमन हे सगळं न शिकता जाणतो. त्याच्या पिशवीत मीटर असेल-नसेल, पण होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, म्हणजे टेस्ट लॅम्प, हमखास असायचा. चाळीस वॉटचा बल्ब पेटलेला असताना साधारण 1300 ओहमचा असतो आणि थंड असताना त्याहून कितीतरी कमी. इतक्या खादाड पाहुण्यापुढे कुठलंच भूत टिकत नाही. बल्ब लागला तर वीज आहे, मंद लागला तर जोड कुठेतरी ढिला आहे, नाही लागला तर नाही. तीन उत्तरं, तिन्ही उपयोगाची. उलट खिशातला निऑनचा टेस्टर माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊन पेटतो. त्याला अगदी नाममात्र प्रवाह पुरतो, म्हणून तो भुतावर तर पेटतोच, आणि भर उन्हात खऱ्या फेजवर पेटलेला दिसत नाही. यावर सुरक्षिततेची आठवण करून देणारे म्हणतील की टेस्ट लॅम्प हे काही शहाण्याचं उपकरण नव्हे. अगदी मान्य. दोन फेजांमध्ये चुकून लावला तर 230 चा बल्ब 400 च्या तावडीत सापडतो आणि हातातच फुटतो. म्हणून जाणते वायरमन दोन बल्ब एकापुढे एक लावायचे. मी टेस्ट लॅम्पची वकिली करत नाही. मी एवढंच दाखवतो आहे की जो सर्वांत अडाणी आहे तो निदानात पुढे गेला, आणि तो पुढे गेला ते खातो म्हणून.

हे माझ्या एकट्याचं मत आहे असं वाटू नये म्हणून डिजिटल मीटर बनवणाऱ्यांचीच साक्ष काढतो. अमेरिकेतल्या फ्लूक कंपनीने 1983 मध्ये काढलेल्या मालिकेत आकड्यांच्या खाली छोट्या छोट्या रेघांची एक पट्टी दिली. व्होल्टेज वाढला की रेघा वाढतात, घटला की घटतात. ही पट्टी म्हणजे दुसरं काही नाही, हाकलून दिलेला काटा मागच्या दाराने परत आला. पुढे त्याच कंपनीच्या 117 सारख्या मॉडेलात एक वेगळी जागा आली, जिथे मीटरचा आतला रोध 1 कोटीवरून तीन हजार ओहमच्या आसपास उतरतो. कशासाठी? भुताटकी ओळखण्यासाठी. म्हणजे अर्धं शतक खपून उपकरणाला उपास शिकवला आणि मग जास्तीचे पैसे घेऊन त्याला पुन्हा खायला शिकवलं. यात हसण्यासारखं असलं तरी मूर्खपणाचं काही नाही. इंजिनिअरांना दोन्ही स्वभाव हवे होते, म्हणून त्यांनी दोन्ही एका पेटीत घातले. हौशी माणसाला तेवढे पैसे मोजायचे नसतील तर दोन वेगळ्या पेट्या घेऊन दोन्ही स्वभाव घरात आणता येतात.

काट्याचं हलणं हासुद्धा निव्वळ सौंदर्याचा विषय नाही. घोटीच्या भातगिरण्यांच्या मोटारी सुरू होताना मोठा प्रवाह ओढतात आणि त्याच लाइनीवरच्या घरांतला व्होल्टेज क्षणभर बसतो. काटा अशा वेळी वाकून पुन्हा उभा राहतो, आणि किती वाकला, किती वेळात उठला हे डोळा एका झटक्यात टिपतो. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा नवा आकडा दाखवतो. मोटार लागली की त्यावर 228, 197, 211, 226 अशी लॉटरी निघते आणि ती वाचेपर्यंत मोटार लागून तांदूळ बाहेर पडू लागलेला असतो. जुन्या रेडिओचा घरघरणारा आवाजाचा खुंटा फिरवून तपासायचा असेल तर काटा कुठे अडखळतो ते दिसतं. कपॅसिटर ओहमच्या पट्टीवर लावला की काटा उडी मारून हळूहळू परततो. उडी नसेल तर कपॅसिटर सुकला, परतणं नसेल तर आतून जोडला गेला. हे सगळं आकड्यांतही असतं, पण ते शोधावं लागतं. मुळात हौशी माणूस डिजिटल मीटरचा कोणता भाग सर्वांत जास्त वापरतो ते पाहा: बीप. वायरीच्या दोन टोकांना लावा, बीप झाला तर वायर सलग, नाही तर तुटलेली. हजारो रुपये देऊन साडेतीन-चार आकडी अचूकता घरी आणायची आणि तिच्याकडून आयुष्यभर हो-नाही वदवून घ्यायचं.

आता काट्याच्या बाजूने इतकं बोलून झाल्यावर त्याची लफडी झाकणं न्यायाचं होणार नाही. इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी घ्या, पावसाळ्यात घोटीत तिच्याइतकं महत्त्व फक्त छत्रीला. स्वस्थ बसलेली भरलेली बॅटरी साधारण 12.7 व्होल्ट दाखवते, अर्धी झालेली 12.2 आणि रिकामी 11.8 च्या आसपास. सगळं आयुष्य एका व्होल्टच्या आत. नेहमीच्या काटेमीटरला 10 नंतर थेट 50 ची पट्टी असते आणि त्याची चूक पूर्ण पट्टीच्या तीन टक्के, म्हणजे दीड व्होल्ट. या मीटरच्या मते बॅटरी एकाच वेळी भरलेली, रिकामी आणि मधली असू शकते. मोबाइलच्या लिथियम सेलचंही तेच, 4.2 ला थांबायचं की पुढे जायचं हे ठरवायला काटा नालायक आहे, आणि इथे चुकण्याची शिक्षा धूर आहे. दशांशचिन्हाच्या उजवीकडे खरोखर काही राहतं अशी ही ठिकाणं, आणि ती दिवसेंदिवस वाढताहेत. शिवाय काटा उलट्या ध्रुवांना लावला तर तो खांबाला डोकं आपटतो, जिथे डिजिटल मीटर नुसतं वजाचं चिन्ह दाखवून मोकळा होतो. ओहमची पट्टी उजवीकडून डावीकडे वाचायची, अनंत डाव्या हाताला. पट्टी बदलली की दोन टोकं जोडून शून्य पुन्हा जुळवायचं. आणि बहुतेक काटेमीटरांत ओहम मोजताना काळी वायर धन असते, हे कळेपर्यंत माणसाने दोन-तीन चांगले डायोड खराब म्हणून फेकलेले असतात. चांगल्या मीटरात पट्टीखाली आरसाही असतो. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत डोकं हलवायचं, म्हणजे नजर तिरपी पडत नाही. एक डोळा मिटून आरशात पाहत मान हलवणारा माणूस घरच्यांना का पटत नाही, हे समजण्यासारखं आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार: जीव. ओहमच्या पट्टीवर राहिलेला काटेमीटर 230 च्या सॉकेटात गेला की गुंडाळी जळू शकते. चांगला डिजिटल मीटर हा अपमान बहुधा गिळतो. मुख्य पुरवठ्यावर काम करायचं तर मीटरवर 'कॅट 3, 600 व्होल्ट' असा दर्जा असावा, आत धड फ्यूज असावा, वायरींवरचं आवरण जाड असावं. खिशाला परवडणाऱ्या काटेमीटरांत हे क्वचित असतं. पण ते दोनशे-तीनशेच्या पिवळ्या डिजिटल मीटरातही नसतं. त्याच्या 10 अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' असं त्याने स्वतःच प्रामाणिकपणे छापलेलं असतं. इतका प्रामाणिक कबुलीजबाब वाचूनही माणसं ते भोक वापरतात. तेव्हा सुरक्षिततेची रेघ काटा आणि आकडे यांच्यामधून जात नाही, स्वस्त आणि बरा यांच्यामधून जाते. म्हणून माझा व्यवहार असा: पहिला मीटर डिजिटल घ्यावा, तो दर्जाचा घ्यावा, सॉकेटात जाईल तो तोच. काट्याचा दुसरा घ्यावा, स्वस्त चालेल, आणि तो बारा-पंधरा व्होल्टच्या खालच्या जगात ठेवावा, रेडिओ, अडॅप्टर, रिमोट यांच्यात. तिथे त्याची भूक परवडते आणि त्याचं हलणं उपयोगी पडतं.

'एक बरा डिजिटल घेतल्यावर दुसऱ्याची गरजच काय,' असं अजूनही कुणी विचारेल. त्याचं उत्तर डिजिटल मीटरच्या पोटात आहे. ओल्या हवेत खणात पडून त्याची 9 व्होल्टची बॅटरी उतरते. उतरताना स्वस्त मीटरात आतला संदर्भ-व्होल्टेज ढासळतो, आणि मोजपट्टीच आखडल्यामुळे बाहेरचं सगळं मोठं दिसू लागतं. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं इवलंसं चित्र उमटलेलं असतं, पण 262 हा आकडा मधोमध असतो, आणि माणूस आकडा वाचतो. मग तो फ्रिजची पिन काढतो, स्टॅबिलायझरला शिव्या घालतो, वीज कंपनीला फोन लावतो, वायरमनला बोलावतो. वायरमन टेस्ट लॅम्प लावून बल्बाकडे बघतो आणि म्हणतो, बरोबर आहे की, काका. मग कधीतरी ते इवलं चित्र दिसतं. खणातून दुसरी 9 व्होल्टची बॅटरी निघते, कधी आणलेली ते माहीत नाही. ती चांगली आहे की गेली हे तपासायला मीटर हवा, आणि घरातला मीटर ज्या बॅटरीवाचून अडला आहे ती हीच. काट्याच्या मीटरला व्होल्ट मोजायला स्वतःची बॅटरी लागत नाही.